थ्री-नॉट-थ्रीचा डंका

३ एप्रिल १८९५ रोजी जनरल सर रॉबर्ट लो यांच्या फौजेने मलाकंदची खिंड लढून घेतली आणि चित्रळच्या किल्ल्यात वेढ्यात अडकलेल्यांना सोडवायला ती पुढे निघाली. मोहीम फत्ते झाली. पण नंतर छावण्यांमध्ये विजयापेक्षा एका तक्रारीचीच चर्चा जास्त झाली, आणि ती तक्रार शत्रूविषयी नव्हती, स्वतःच्याच काडतुसाविषयी होती. गोऱ्या पलटणींना नव्याने मिळालेली ली-मेटफर्ड बंदूक आणि तिचं ०.३०३ इंच बोराचं काडतूस, म्हणजे आपल्याकडे पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं थ्री-नॉट-थ्री, माणूस पाडत नाही, असं शिपाई सांगू लागले.

लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या बाजूला हे नाव गाजलं ते रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या काळात. तिथे यायचंच आहे. पण मराठवाड्यात त्या काडतुसाची जी दहशत पसरली, ती समजून घ्यायची तर आधीची पन्नास वर्षं पाहावी लागतात. कारण या काडतुसाची निंदा झाली असो की स्तुती, ती करणाऱ्याला दर वेळी दुसरंच काहीतरी हवं होतं.

आधीची मार्टिनी-हेन्री बंदूक ३१ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी मारी. गोळी जाड, मऊ आणि संथ. अंगात शिरली की पसरायची आणि हाडाचा भुगा करायची. शिवाय प्रत्येक बाराबरोबर काळ्या दारूचा एवढा धूर होई की नेमबाजाची जागा शत्रूला आपोआप कळे. नवी गोळी १४ ग्रॅमची, तांबं-निकेलच्या कवचातली, बारीक आणि वेगवान. १८९१ पासून तिच्या काडतुसात धूर न करणारं कॉर्डाइट भरलं जाऊ लागलं. गोळी लांब जाई, सरळ जाई आणि शिपायाला पूर्वीपेक्षा जास्त काडतुसं बरोबर नेता येत. हे सगळे फायदे खरे होते. पण कडक कवचामुळे ती मऊ भागातून आरपार निघून जाई आणि मागे लहानसं भोक ठेवी. अंगावर पाच-सहा जखमा घेऊन एक पठाण मैलोगणती चालत इंग्रजांच्याच दवाखान्यात आला, ही कथा तेव्हा फिरू लागली आणि लवकरच तिला पुराव्याचा दर्जा मिळाला.

मला या कथांचा थोडा संशय येतो. धावून येणारा माणूस पडला नाही याची कारणं दोन: एक तर गोळी लागूनही तो पडला नाही, नाहीतर गोळी लागलीच नाही. डोंगरात, धापा टाकत, वरून खाली येणाऱ्या माणसावर झाडलेल्या गोळ्यांपैकी बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या असतात. पण कोणता शिपाई आपल्या अधिकाऱ्याला सांगेल की माझा नेम चुकला? काडतुसाला दोष दिला की सगळ्यांचंच भागतं. देशी पलटणींकडून ही तक्रार आली नाही, कारण त्यांच्या हाती नवी बंदूक दिलेलीच नव्हती. १८५७ नंतर सरकारचं धोरण पक्कं होतं: हिंदी शिपायाचं हत्यार गोऱ्या शिपायाच्या हत्यारापेक्षा एक पिढी जुनं असलं पाहिजे.

अगदी हाच वाद आपल्या लष्करात शंभर वर्षांनी झाला. इन्सास रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी आली तेव्हा तिची भलामण करताना सांगितलं जाई की शत्रू मेला तर एक माणूस कमी होतो, जखमी झाला तर त्याला उचलायला आणखी दोघे लागतात. म्हणून हलकी गोळीच बरी. काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी गाठ पडल्यावर हे गणित बिनसलं, कारण अतिरेकी आपल्या जखमींना उचलायला थांबत नाहीत. मग बोलणं पुन्हा जड गोळीकडे वळलं आणि २०१९ मध्ये लष्कराने ७.६२ मिलिमीटरच्या अमेरिकी रायफली मागवल्या. चित्रळचा शिपाई आज उठून बसला असता तर त्याला या चर्चेत एकही नवा शब्द ऐकू आला नसता.

तर १८९५ च्या तक्रारीचं उत्तर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात तयार झालं. तिथले प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकाचं कवच कापून आतलं शिसं अगदी थोडं, मिलिमीटरभर उघडं ठेवलं. बाकी काडतूस तेच. अंगात शिरताच उघडं शिसं दबून पसरे आणि बारीक गोळीची जखम जुन्या जाड गोळीसारखी होई. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत ही गोळी अफ्रिदींवर वापरली गेली. अफ्रिदींनीही काही ली-मेटफर्ड आणि काडतुसं पळवली होती, त्यामुळे इंग्रज डॉक्टरांना आपल्याच गोळीचे परिणाम आपल्याच माणसांच्या अंगावर पाहावे लागले. एवढं झाल्यावर डमडमची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही.

पण ती पसरली ती उलट्या बाजूने. ट्युबिंगेनचे जर्मन शल्यविशारद पाउल फॉन ब्रुन्स यांनी शिसं उघडं असलेल्या गोळ्या प्रेतांवर झाडून त्यांच्या जखमांची भयानक वर्णनं छापली. युरोपभर खळबळ उडाली. ब्रिटनमधून सर अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी उत्तर दिलं की ब्रुन्स यांनी वापरलेली गोळी डमडमची नव्हतीच; ती शिकारीची गोळी होती आणि तिचं शिसं कितीतरी जास्त उघडं होतं. ऑग्स्टन यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्याचा उपयोग काही झाला नाही. जर्मन वर्तमानपत्रांना इंग्रजांच्या सुसंस्कृतपणाचा बुरखा फाडायचा होता, आणि त्या कामाला मिलिमीटरभर शिशापेक्षा अर्धी गोळी उघडी असणं जास्त सोयीचं होतं.

१८९९ च्या उन्हाळ्यात हेगला शांतता परिषद भरली. तिथे इंग्रजांच्या वतीने सर जॉन आर्डाघ यांनी जो युक्तिवाद केला तो आज वाचताना अंगावर काटा येतो. त्यांचं म्हणणं असं की सुधारलेल्या देशाचा शिपाई गोळी लागली की समजतो, बाजूला होतो, दवाखान्याची वाट धरतो. रानटी माणूस मात्र जखमी झाला तरी भाला घेऊन अंगावर येतच राहतो, म्हणून त्याच्यासाठी निराळी गोळी हवी. मानवी शरीराच्या रचनेत असा फरक कुठेही नाही. फरक होता तो एवढाच की एकाच्या मागे रुग्णवाहिका होती आणि दुसऱ्याच्या मागे त्याचं गाव. मतं पडली तेव्हा ठरावाच्या बाजूने २२ देश होते, विरुद्ध दोनच: इंग्लंड आणि अमेरिका. पोर्तुगाल तटस्थ राहिला. २९ जुलै १८९९ रोजी पसरणाऱ्या गोळीवर बंदी घालणारा जाहीरनामा निघाला. त्यात एक मेख मात्र सगळ्यांनी मिळून ठेवली होती. बंदी सही करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरतीच होती. अफ्रिदी, सुदानी किंवा आफ्रिकेतल्या कोणत्याही टोळीने सही करण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे आर्डाघ मतदानात हरले, पण त्यांचं तत्त्व जिंकलेल्यांच्याच कागदात जाऊन बसलं.

गंमत अशी की इंग्रजांना ती गोळी शेवटी टाकून द्यावी लागली ती बिघाडामुळेही. वुलिचच्या कारखान्याने डमडमवर सुधारणा म्हणून टोकाला पोकळी असलेली मार्क फोर गोळी काढली होती. १८९९ च्या उन्हात बिस्लीच्या नेमबाजी स्पर्धेत तापलेल्या बंदुकांमध्ये या गोळीचं शिसं पुढे निघून जाऊ लागलं आणि कवच नळीतच अडकून राहू लागलं. पुढचा बार उडवणाऱ्याच्या जिवावरच बेतायचं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. गोऱ्यांविरुद्ध गोऱ्यांच्या त्या लढाईत सरकारने निमूटपणे जुनी, अख्ख्या कवचाची गोळी बाहेर काढली. १९०७ मध्ये इंग्लंडने हेगच्या जाहीरनाम्यालाही मान्यता दिली. १९१० मध्ये आलेली टोकदार मार्क सेव्हन गोळी पुढे दोन्ही महायुद्धांत लढली आणि आपल्या पोलिसांपर्यंत पोहोचली. तिचं टोक आतून ॲल्युमिनियमचं, मागचा भाग शिशाचा. बाहेरून कवच अखंड, म्हणजे कायद्याला धरून. पण मागचा भाग जड असल्यामुळे अंगात शिरताच ती कोलांटी खाई. डमडमने उघडपणे केलेलं काम हिने बंद दाराआड केलं, आणि तिच्याविरुद्ध एकही परिषद भरली नाही.

बोअर युद्धाने दुकानदारांचीही चांदी केली. बोअरांच्या सात मिलिमीटरच्या माउझर बंदुकीने इंग्रजांना इतकं सतावलं की हरणाऱ्यांपेक्षा जिंकणाऱ्यांनीच तिची जाहिरात जास्त केली. लंडनच्या रिग्बी कंपनीने तेच जर्मन काडतूस .२७५ रिग्बी या इंग्रजी नावाने विकायला काढलं. काडतुसात बदल नाही, फक्त नाव सुटसुटीत आणि देशी. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना रिग्बीचीच बंदूक भेट मिळाली, आणि त्या काडतुसाचं नाव कॉर्बेट यांच्या नावाला कायमचं चिकटलं. वास्तविक ती बंदूक बक्षीस होती. वाघिणीवर कॉर्बेट यांनी झाडल्या त्या .५०० बोराच्या जड गोळ्या. बरोबर आणलेली तीन काडतुसं संपल्यावर शेवटचा बार तहसीलदाराच्या खिळखिळ्या बंदुकीचा होता. पण तहसीलदाराच्या बंदुकीची जाहिरात कोण करणार?

त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारने .४५० बोराच्या बंदुका आणि काडतुसं आणण्यावर बंदी घातली. वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी साहेब लोकांत हाच बोर सर्वांत आवडता होता. पण जुन्या मार्टिनी-हेन्रीचा बोरही .४५०, आणि त्या बंदुका बंडखोरांकडे सरहद्दीवर उदंड होत्या. शिकाऱ्याची काडतुसं त्यांच्या हाती पडतील ही सरकारची भीती. बंदी आली आणि लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी एक-दोन वर्षांत .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी काडतुसांची रांगच लावली. प्रत्येकाने आपल्या काडतुसाचे गुण वर्णिले: कुणाचा जोर जास्त, कुणाचा दाब उष्ण हवेत कमी. वाघाच्या दृष्टीने यांत फरक शोधूनही सापडला नसता. ही सगळी काडतुसं एका सरकारी फतव्याची अपत्यं होती, पण पत्रकांतून ती शिकारशास्त्राची प्रगती म्हणून विकली गेली.

वेगाचं वेडही याच वर्षांतलं. कॅनडात बंदुका बनवणाऱ्या सर चार्ल्स रॉस यांच्या .२८० काडतुसाच्या तुफान वेगाची एवढी वाहवा झाली की सिंहासाठीही लोक ते घेऊन जाऊ लागले. १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत जॉर्ज ग्रे या शिकाऱ्याला सिंहाने फाडलं. रॉसच्या हलक्या गोळ्या सिंहाच्या अंगावर फुटल्या, आत खोल गेल्याच नाहीत. ग्रे हे ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याचे सख्खे भाऊ, म्हणून ही बातमी दडली नाही. साध्या माणसाचं असं झालं असतं तर त्याचाच नेम चुकला असं ठरलं असतं.

थ्री-नॉट-थ्रीकडे परतायचं तर आता खडकीकडे यावं लागतं. पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. दोन्ही महायुद्धांत त्याने थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं अखंड पुरवली. बुडावर 'के एफ' ही अक्षरं ठोकलेली ती पितळी काडतुसं ब्रह्मदेशापासून आफ्रिकेपर्यंत गेली. पाश्चात्त्य देशांत जुन्या काडतुसांचा शौक करणाऱ्यांत आज या शिक्क्याला फारसं चांगलं नाव नाही. घोडा ओढल्यावर क्षणभर थांबून उडणारी काडतुसं म्हणून ते त्यांची थट्टा करतात. पण पन्नास-साठ वर्षं गोदामांत उकडून निघालेल्या काडतुसावरून कारखान्याची परीक्षा करणं मला तरी रास्त वाटत नाही.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये फाळणी झाली तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातले सगळे आयुध कारखाने भारताच्या हद्दीत आले. पाकिस्तानच्या वाट्याला एकही आला नाही. हे नीट लक्षात घेतलं की भारतात सामील न झालेल्या, निजामाच्या हैदराबाद संस्थानाची अडचण समजते. निजामाच्या फौजेच्या बंदुका थ्री-नॉट-थ्रीच्या. बंदूक तेलपाणी केलं तर पन्नास वर्षं टिकते, काडतूस एकदाच उडतं. ते तयार होई खडकीला आणि डमडमला, आणि स्वतंत्र भारत ते निजामाला द्यायला तयार नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारानंतर दोन्ही बाजूंच्या ज्या तक्रारी चालल्या, त्यांत शस्त्रपुरवठा रोखल्याची हैदराबादची तक्रार ठळक होती.

तेव्हा सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीचे हवाई फोटो गुपचूप काढणारा हा अवलिया. १९४८ च्या उन्हाळ्यात त्याची लँकेस्ट्रियन विमानं कराचीहून रात्री उडून बीदर, वरंगळ अशा धावपट्ट्यांवर शस्त्रं उतरवू लागली. अहमदपूर तालुका त्या वेळी बीदर जिल्ह्यात होता, म्हणजे हा सगळा प्रकार आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी चालला होता. मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या, खेड्यांमध्ये विमानाच्या आवाजावरून काय काय आडाखे बांधले गेले असतील!

आणि या आडाख्यांना वर्षभर खतपाणी घालणारा माणूस लातूरचाच. कासीम रझवी लातुरात वकिली करायचे, पुढे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे पुढारी आणि रझाकारांचे सेनापती झाले. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, ही त्यांची भाषा. रझाकारांची संख्या दोन लाखांवर सांगितली जाई. प्रत्यक्षात त्यांतल्या फार तर चौथ्या हिश्श्याकडे आधुनिक बंदुका होत्या. बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. निजामाच्या सुमारे २२,००० च्या फौजेतही धड शिकलेले आणि सज्ज असे सहा हजारच.

एक साधा हिशेब मांडू. थ्री-नॉट-थ्रीचं एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचं. सहा हजार शिपायांना प्रत्येकी शंभर काडतुसं द्यायची तर सहा लाख काडतुसं, म्हणजे पेट्यांचं वजन सोडून १५ टन. तयार शिपाई मिनिटाला १५ नेमके बार काढतो. म्हणजे त्याची शंभर काडतुसं सात मिनिटांत संपली. रात्रींमागून रात्री कॉटनची विमानं बीदरला उतरत राहिली तरी त्यातून निघणारी लढाई मिनिटांत मोजायची होती. हा हिशेब संस्थानाचे सेनापती एल एदरूस यांना कळत नव्हता असं म्हणवत नाही. पण सभेत टाळ्या पडतात त्या काडतुसाच्या नावाला; त्याच्या वजनाचा हिशेब तिथे कुणी विचारत नाही. दुसऱ्या बाजूलाही हा डंका गैरसोयीचा नव्हता: निजामाची शस्त्रं जितकी भयंकर दिसतील, तितकी कारवाईची गरज दिल्लीला पटवणं सोपं.

गावपातळीवर मात्र हा प्रश्न हिशेबाचा नव्हताच. ज्या गावात एकही बंदूक नाही तिथे चार रझाकारांजवळची एक थ्री-नॉट-थ्री पुरेशी असते. ती भरलेली आहे की रिकामी हे तपासायला कोण पुढे होणार? बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून कितीतरी कुटुंबं भारताच्या हद्दीत, सोलापूर-बार्शीकडे किंवा वऱ्हाडाकडे निघून गेली. लूट, जाळपोळ आणि खून खरे होते. ते पुष्कळदा कुऱ्हाडीने आणि रॉकेलने झाले, धाक मात्र काडतुसाचा होता.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची फौज सोलापूरकडून आत शिरली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडला, बोरी नदीवरचा पूलही धडका हाती आला. तुळजापूरला हैदराबादी पायदळ आणि रझाकारांनी काही काळ झुंज दिली. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. भारतीय पायदळाच्या हातातही तीच थ्री-नॉट-थ्री होती, तेच काडतूस, खडकीचं नाहीतर डमडमचं. फरक मागच्या रणगाड्यांचा आणि न आटणाऱ्या पुरवठ्याचा. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड म्हणून मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. मृतांचा अगदी सावध अंदाजही २७ ते ४० हजारांचा होता, आणि सर्वांत जास्त पोळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड होते. पोलीस ॲक्शनच्या पाच दिवसांच्या गौरवात हे पान बराच काळ मिटलेलं राहिलं. कॉटनला पुढे लंडनच्या न्यायालयात २०० पौंड दंड झाला. रझवी तुरुंगात गेले, १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानला गेले.

थ्री-नॉट-थ्री तेवढी राहिली. १९६२ मध्ये चीनच्या युद्धात तिला पुन्हा शिव्या बसल्या. गरम कपडे, रस्ते आणि पुरेशी काडतुसं नव्हती हे सांगण्यापेक्षा बंदूक जुनी होती हे सांगणं सोपं होतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटीवर दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर पोलिसांच्या हाती हीच बंदूक होती, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं खापर तिच्यावर फुटलं. हे मात्र चुकीचं म्हणता येणार नाही. पण त्याच स्थानकावर रेल्वेच्या एका जवानाने सहकाऱ्याची तीच जुनी बंदूक घेऊन हल्लेखोरांपैकी कसाबवर गोळी झाडली होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला, संचलनात मिरवून.

नागरिकांना ती कधीच मोकळी झाली नाही. सरकारी काडतूस चालणारी बंदूक खासगी हातात नको, हा इंग्रजांचा नियम १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीही कायम राहिला. म्हणून बीएसए कंपनीने हिंदुस्थानसाठी जुन्या ऑस्ट्रियन काडतुसाची .३१५ बोराची बंदूक काढली होती, आणि स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच पुढे चालवली. अहमदपूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने आज रायफलीचा परवाना काढला तर त्याला ही .३१५ मिळू शकते, थ्री-नॉट-थ्री नाही. जुन्या थ्री-नॉट-थ्रीशी तुलना केली तर दोघींच्या ताकदीत फार फरक नाही, आणि .३१५ ची गोळी अंमळ जाडच आहे.